उजवा डोळा

“खिसा आहे की कचऱ्याचा डबा?” धुणं भिजवताना ती लेकावर रोज खेकसायची. तो अपघातात गेला, तेव्हापासून त्याच खिशांतल्या कपट्यांनी ती पुठ्ठ्यावर त्याचा चेहरा जुळवत होती. कपाळाला बसची तिकिटं, गालांना गोळ्यांचे गुलाबी कागद, डाव्या डोळ्याला चॉकलेटचं काळं वेष्टन. बाहेरचा कागद लावायचा नाही, हा तिचा हट्ट. उजव्या डोळ्यापाशी कपटे संपले. उरली होती फक्त खुंटीवरची त्याची शेवटची पँट. त्या खिशात हात घालायचा तिला धीर झाला नव्हता. आज ती मन घट्ट करून उठली, तर खुंटी रिकामी. “मीच धुतली,” नवरा दोरीकडे बघत म्हणाला. “किती दिवस तशीच ठेवणार होतीस?” “खिसे तपासले?” तिने दोरीवरची पँट ओढली. ओल्या खिशातून कागदाचा पांढराफटक लगदा निघाला. “दुसरा कागद लाव की,” तो पुटपुटला. “कुणाच्या खिशातला?”