स्वतःच्या आवाजात

लायनेल थॅकरेच्या घशाचं ऑपरेशन गुरुवारी होतं. त्यानंतर त्याच्याऐवजी एक यंत्र बोलणार होतं. ते निदान त्याच्या आवाजात बोलावं, म्हणून डॉक्टरबाईंनी त्याचं जुनं रेकॉर्डिंग मागितलं होतं, कारण आताचा आवाज पार बसला होता.

"अहो, नट म्हणून अडतीस वर्षं मी दुसरं काय करतोय?" तो घोगरं हसला. "ट्रकभर आणून देतो."

लीड्सच्या घरी आल्या आल्या त्याने माळ्यावरची सगळी खोकी जमिनीवर ओतली. रेडिओवरचा म्हातारा पाद्री, नाटकातला खुनी राजा, सिनेमातला जर्मन हेर, मुलांच्या कार्टूनमधलं कुरकुरं अस्वल. एक कॅसेट लावायचा, अर्ध्यात काढायचा, दुसरी लावायचा. समोरचा चहा तिसऱ्यांदा गार झाला.

"हा कोण?" त्याची बायको बेरिल दर वेळी विचारायची.

"पाद्री."

"मला नकोय घरात पाद्री. अस्वल तर मुळीच नको. माझा नवरा शोध, बाबा!"

बुधवारी दुपारी तो अजून येरझाऱ्याच घालत होता. तेवढ्यात बेरिलला जुन्या फोनच्या, कुणी उचलला नाही की आपोआप उत्तर देणाऱ्या आन्सरिंग मशीनमधली छोटी टेप सापडली. तिने ती लावली आणि दोघंही जागच्या जागी थबकले. हा तोच होता. तरुण, साधा, घाईत असलेला.

अख्ख्या टेपवर त्याचं एवढंच बोलणं होतं:

"मी लायनेल. मी सध्या घरी नाही."