भिंतीपलीकडचा गोल

गोल झाला आणि धाकटा खुर्चीतून उडालाच. "गोऽऽल!" घसा ताणून, मनाची हौस फिटेपर्यंत तो ओरडला. कित्येक वर्षांनी आज त्याला गोल आधी दिसला होता. एरवी तो आधी ऐकू यायचा.

भिंतीपलीकडे थोरला भाऊ राहायचा. टीव्हीसाठी त्याच्याकडे पतंगाचं चिन्ह असलेली डिश कंपनी, धाकट्याकडे घारवाली. एकाच गच्चीवर दोन डिश, एकमेकींपासून तोंडं फिरवून उभ्या. कुठल्या कंपनीची घ्यायची, यावरूनच तर भांडण पेटलं होतं. बोलता बोलता विषय लहानपणापर्यंत गेला, कोण आईचा लाडका होता तेही निघालं, आणि तेव्हापासून बोलणं बंद. लोकांना भांडायला जमीन लागते, दागिने लागतात. या दोघांनी सेट टॉप बॉक्सवर भागवलं होतं.

त्यात गंमत अशी, की पतंगवाल्यांचं चित्र घारवाल्यांपेक्षा चार-पाच सेकंद आधी यायचं. धाकट्याच्या पडद्यावर खेळाडू अजून मैदानाच्या मध्यावर चेंडू घोळवत असायचा, तोच भिंतीतून आरोळी यायची, "गोऽऽल!" झालं, सगळ्या मजेचा विचका. संघ दोघांचा एकच, तेवढ्यापुरतं एकमत होतं. मग धाकटाही हट्टाला पेटून ओरडायचा. गोल शिळा, पण आवाज दुप्पट.

"अहो, अबोला धरलाय म्हणता आणि ओरडून ओरडून बोलता की," बायको म्हणायची.

"बोलतोय कसला? मुद्दाम खिजवतो तो मला."

मग एके दिवशी दोन्ही कंपन्या एक झाल्या. तिकडे बड्या मंडळींनी हसत हसत हात मिळवले, इकडे गिऱ्हाइकांच्या डोक्याला ताप. चॅनेलचे नंबर बदलले. बातम्या लावाव्यात तर कार्टून नाचायचं. तक्रारीला फोन केला की बासरी ऐकू यायची, माणूस नाही. धाकट्यानं त्या बासरीलाही दोन-चार शिव्या हासडल्या. अखेर डिशवाला उगवला. गच्चीवर जाऊन त्यानं एक डिश खोलून खाली आणली आणि उरलेलीतून दोन वायरी सोडल्या, एक इकडे, एक तिकडे.

"आता दोन्ही घरांत एकदमच दिसेल," तो हात पुसत म्हणाला.

"एकदमच? सेकंदाचाही फरक नाही?"

"पापणी लवेल इतकाही नाही, साहेब."

धाकट्याला आकाश ठेंगणं झालं. उतरली एकदाची दादाची मिजास! "बघ," तो बायकोला म्हणाला, "ज्यांच्यापायी आम्ही भांडलो, त्यांचं जमलंसुद्धा."

"मग तुमचं कधी जमणार?"

हे काही आपल्याला ऐकू आलं नाही, असं त्यानं दाखवलं.

आणि आज अंतिम सामना होता. पहिल्या गोलाला पोटभर ओरडून धाकटा खाली बसला, पाणी प्यायला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं. भिंत गप्प होती. दादा ओरडला नव्हता.

झोपला असेल, असं त्यानं मनाला सांगितलं. पण अंतिम सामन्याला दादा झोपेल? तापानं फणफणत असतानाही तो ओरडायचा. वहिनी गेल्यापासून तो एकटाच होता. मागे एकदा चक्कर येऊन स्वयंपाकघरात पडला होता, हे धाकट्याला समोरच्या न्हाव्याकडून कळलं होतं. तेव्हा जायला हवं होतं. पाय उचलला नव्हता, आणि त्याची बोच अजून होती.

आता त्याचं सामन्यात लक्ष लागेना. टीव्हीचा आवाज बारीक करून तो भिंतीजवळ जाऊन बसला. पुढचा गोल होईल तेव्हा आपण तोंड उघडायचं नाही, नुसतं ऐकायचं, असं त्यानं ठरवलं. आणि गोल झाला. काय सुरेख गोल होता! त्यानं तळहात तोंडावर दाबून धरला आणि कान भिंतीला लावला.

पलीकडे चिडीचूप.

धाकटा ताडकन उठला. सापडली ती चप्पल पायात सरकवून तो धावत सुटला. शेजारचंच दार, पण ते आज फार लांब वाटलं. थाप मारायला त्यानं हात उचलला, तोच दार आतून उघडलं.

दारात थोरला उभा. चेहरा पांढराफटक, एक चप्पल पायात, दुसरी हातात.

"दादा! बरा आहेस ना? ओरडला का नाहीस?"

"मी?" थोरल्यानं दाराची चौकट धरली. "अरे, पहिल्या गोलाला केवढ्यानं ओरडलो! तूच गप्प होतास. म्हणून दुसऱ्या वेळी मी टीव्ही बारीक करून, तोंड मिटून ऐकत बसलो, तर तुझ्याकडे सगळी सामसूम. म्हणून तुझ्याकडेच निघालो होतो."

मग धाकट्याच्या डोक्यात प्रकाश पडला. पहिल्या गोलाला दोघंही एकाच क्षणी ओरडले होते, आणि ज्याला त्याला आपलाच आवाज ऐकू आला होता. दुसऱ्या गोलाला दोघंही श्वास रोखून बसले होते.

तेवढ्यात दोन्ही घरांतल्या बारीक केलेल्या टीव्हींतूनही एकदम गलका ऐकू आला. तिसरा गोल असावा. दोघांपैकी कुणीही आत वळून पाहिलं नाही.

"म्हणजे," धाकटा अडखळत म्हणाला, "इतकी वर्षं तू मला खिजवायला ओरडत नव्हतास?"

"खिजवायला?" थोरल्यानं हातातली चप्पल खाली टाकली. "अरे वेड्या, मी ओरडायचो ते पलीकडून तुझं ओरडणं ऐकायला."