बिनताइताचा फोटो

एमआरआयच्या खोलीत धातूचं काही चालत नाही, म्हणून पुंजाजीच्या दंडावर आईनं बांधलेला चांदीचा ताईत चाळीस वर्षांत पहिल्यांदा सुटला आणि बायकोच्या, दुर्गाबाईच्या, पदराच्या गाठीत गेला. संध्याकाळी अकोल्याच्या डॉक्टरांनी हृदयाचा फोटो दाखवला. “हार्ट फेल्युअर आहेच, त्यात स्नायूवर वणही दिसतात. औषधं चालू ठेवा, पण पुढची दोन-तीन वर्षं जोखमीची आहेत.” “फोटो ताईत काढून घेतला न, साहेब?” पुंजाजी म्हणाला. “मंग हा अंदाज बिनताइताच्या मानसाचा झाला!” दुर्गाबाईला कोणाचं खरं मानावं कळेना. तिनं घाईघाईनं गाठ सोडून ताईत पुढे केला. त्यानं तो डोळ्यांना लावला आणि तिच्याच दंडावर बांधायला घेतला. “अहो, हे काय करून राहिले?” “माह्या काळजाचं तं समजलं,” तो म्हणाला. “तुह्या काळजाचा फोटो कोनी काढला?”