ओळीतला दगड

चौथ्या दिवशीही जेथ्रोच्या पोटात पाणी ठरेना. थर्झाने नवऱ्याचं तोंड पुसलं आणि ओटच्या पेजेचा वाडगा पुन्हा हातात घेतला.

"दोन चमचे तरी घे."

त्याने कसेबसे घेतले.

दाराशी शेजारचा म्हातारा अमोस टोपी हातात धरून उभा होता. "डॉक्टर काय म्हणाला?"

"पोट बिघडलंय म्हणाला."

"पोट." अमोस पलंगापाशी आला. "जेथ्रो, अख्ख्या डार्टमूरवर तुला फाटकाच्या खांबाला दुसरा दगड मिळाला नाही? त्या उभ्या दगडांच्या पुराण्या ओळीतलाच उपटायचा होता?"

"शंभर दगड आहेत तिथे, काका. कोण मोजतंय?"

थर्झालाही त्याने हेच उत्तर दिलं होतं. तो बैल जुंपत असताना ती तीनदा म्हणाली होती, राहू दे तो दगड. तिसऱ्यांदा तो हसला होता.

"माझ्या आज्याच्या वेळी एकाने असाच नेला होता," अमोस म्हणाला. "महिनाभरात गेला."

जेथ्रो भिंतीकडे तोंड करून पडला. रात्री त्याचे पाय गार पडले. पहाटे तो स्वतःच म्हणाला, "ने तो दगड. जिथला तिथे लाव."

सकाळी माळावर धुकं उतरलं होतं. दहा पावलांवरचं दिसत नव्हतं. दगड ओढत आणणारे बैल ओळीजवळ येऊन अडले, पुढे सरकेनात. अमोस हातातली काठी विसरून उभा राहिला.

"मी जाते पुढे. जागा मला माहीत आहे," थर्झा म्हणाली.

ती धुक्यात शिरली. बैल तिच्यामागून निघाले.

खड्ड्यात माती ढासळली होती. अमोसने फावडं उचललं.

"फावडं नको, काका. मी करते."

गुडघे टेकून ती ओंजळी ओंजळीने माती काढू लागली. थोडीशीच काढली आणि थांबली. दोघांनी मिळून, बैलांना दोर लावून, दगड हळूहळू उभा केला. त्याच्या बुडाशी तिने हाताने माती चोपली, वर गवताची ढेकळं बसवली. तळवा बराच वेळ तिथेच ठेवला.

"माफी मागितलीस ना, पोरी?"

"मागितली."

त्याच संध्याकाळी जेथ्रोच्या पोटात पेज टिकली. आठवड्याने तो काठी टेकत गोठ्यापर्यंत गेला. गावातले लोक त्या ओळीला वळसा घालून जाऊ लागले. तिथल्या दगडाला आता कोणी बोट लावणार नाही, असं अमोस छातीवर हात ठेवून सांगायचा.

मेंढ्यांच्या खरजेवरची पांढरी विषारी पूड थर्झाने परत गोठ्यातल्या फळीवर ठेवून दिली. आता ती पेजेत घालायची गरज नव्हती. लग्नाच्या तीन वर्षं आधी, कोणाला कळू न देता, बाप्तिस्म्याआधीच गेलेली आपली लेक तिने त्याच दगडाखाली पुरली होती.