बंदुकीचा बोल्ट

उसाच्या कडेला मानसिंग पालथा पडला होता. पुढ्यात दुर्बिणीची बंदूक होती. ओढ्यापलीकडून कडेगावची गाडीवाट जात होती आणि इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या भूमिगतांच्या जागा पोलिसांना दाखवणारा माणूस आज त्या वाटेनं येणार होता.

बंदुकीत बोल्ट नव्हता. गोळी आत सारणारा तो पोलादी दांडा काढून घेतला की बंदूक नुसती काठी होते. म्हणून बंदूक उसात पुरलेली असायची आणि बोल्ट चंद्राबाईच्या घरी, पिठाच्या डेऱ्यात. एक सापडलं तरी दुसरं सापडू नये. तिचा नवरा लालासाहेब भूमिगतांतलाच. गेल्या महिन्यात पोलिसांनी त्याला याच उसात घेरून मारलं होतं.

चंद्राबाई भाकरीची पाटी घेऊन आली आणि मानसिंगजवळ बसली. ओच्यातून तिनं बोल्ट काढला, पण दिला नाही. आज कुणाला मारायचंय ते विचारलं. हाय कुणीतरी, तुमी घरी जावा, असं तो म्हणाला. पलटणीतून रजेवर येऊन परत न गेलेला हा गडी एरवी डोळ्याला डोळा देऊन बोलायचा. आज मान वर करेना.

बैलगाडी आली आणि बैलांना पाणी दाखवायला ओढ्यावर थांबली. गाडीत दोन पोलीस आणि एक फेटेवाला.

"मला बघू द्या, भावजी."

तो बाजूला सरला. दस्त्यावर बसवलेल्या लाकडी उंचवट्यावर तिनं गाल टेकला, तसा डोळा नेमका दुर्बिणीशी आला. आधी नुसतं ऊन दिसलं. मग काचेतल्या काळ्या रेघेच्या टोकावर फेटेवाला आला. तो डाव्या अंगठ्यानं तंबाखू मळत होता. मळून झाल्यावर निम्मी त्यानं शेजारच्या पोलिसाच्या तळहातावर ठेवली आणि हसला.

दादासो. तिच्या पाठचा भाऊ.

"त्यांची जागा बी ह्यानंच दावली?"

"व्हय." मानसिंगनं बंदुकीवरचा हात काढला. "वयनी, बोल्ट तुमच्या हातात हाय. नगं म्हणा, मी उठतो."

गाडीवान बैलांना पाण्यातून मागं ओढू लागला. तेव्हा तिनं बोल्टला लागलेलं पीठ पदरानं पुसलं आणि बोल्ट त्याच्या हातावर ठेवला.

मानसिंगनं तो बंदुकीत सारला. खालच्या पेटीतली गोळी वर चढली. दुर्बिणीवरची चकती फिरवून त्यानं अंतर लावलं आणि श्वास अर्धा सोडला.

"भावजी, डोक्यात नगं," ती हळू म्हणाली. "आईला तोंड बघायचं आसंल."

गोळी छातीत लागली. दादासो गाडीतून कलंडून चाकापुढं पडला. बैल उधळले आणि गाडी त्याच्या मांड्यांवरून गेली. एक पोलीस खाली उडी टाकून उसात अंदाधुंद गोळ्या झाडू लागला. ऊस कडाकडा मोडू लागला. मानसिंगनं बोल्ट मागं ओढला, रिकामं काडतूस उडालं. पुढं सारला आणि दुसरी गोळी त्या पोलिसाच्या गळ्यात घातली. तो ओढ्यात उपडा पडला. दुसरा पोलीस आणि गाडीवान पळाले.

मानसिंगनं चंद्राबाईला घरी जायला सांगितलं. ती ओढ्याच्या काठानं वाकून निघाली, पण घराकडं वळली नाही. तशीच माहेरी गेली.

आई दारात मिरच्यांची देठं खुडत बसली होती. न सांगता आलेल्या लेकीला बघून तिला बरं वाटलं.

"लय बरं झालं आलीस. दादासो बी येतोय जेवाय. चूल पेटव तवर."

चंद्राबाई चुलीपुढं बसली. लाकडं ओली होती. धूर डोळ्यांत जात राहिला, तरी ती बाजूला सरली नाही.