एकाने चुकलेलं उत्तर

"सतरा दिवस झाले, आणि एक प्रश्न नाही," बायको संगणकाच्या पडद्याकडे बघत म्हणाली.

शिंप्याने सदऱ्याला काज करता करता मान वर केली. बायकोने हवामानाच्या कचेरीत एकतीस वर्षं संगणकाकडून वाऱ्यापावसाची गणितं करून घेतली होती. निवृत्त झाल्यावर तिने ऑनलाइन चर्चागट उघडला. शास्त्रातली आकडेमोड यंत्राकडून करून घेताना ज्याचं कुणाचं अडेल, त्याने तिथे विचारावं. मुलीने निरोप सगळ्या नात्यागोत्यात धाडला. नातेवाइकांनी अंगठे दाखवले, दोन्ही अर्थांनी. आत मात्र कुणी फिरकलं नाही.

तिचा उतरलेला चेहरा शिंप्याला बघवेना. गटाचा नियम होता की खरं नाव सांगायचं नाही, म्हणजे बावळट प्रश्न विचारायला लाज वाटत नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात बसून त्याने मोबाइलवर 'टाका' हे नाव घेतलं आणि विचारलं: बाहीच्या मुंढ्याचा गोल चार-पाच मापांवरून यंत्राला कसा मोजायला सांगायचा?

संध्याकाळी बायकोच्या तोंडाला खळ नव्हता. "अहो, एक टाका आलाय! काय नेमकं विचारलंय! आणि कापडातलं बरंच कळतं हो त्याला."

"असेल कुणी रिकामटेकडा," शिंपी म्हणाला आणि गालातल्या गालात हसला.

एकाचं बघून दुसरा आला. महिन्याभरात गटात चाळीस माणसं झाली. बायकोने कचेरीतली जुनी पद्धत तिथेही लावली. एकच गणित दोघांनी एकमेकांना न दाखवता करायचं, मग उत्तरं ताडून बघायची. टाक्याच्या जोडीला तिने 'पाणकोंबडी' नावाचा एक नवखा दिला.

पहिलं गणित आडव्या टाकीचं होतं. आत पट्टी बुडवली की किती पाणी उरलंय ते सांगायचं. त्यासाठी पाण्याचे पातळ काप कल्पून सगळ्यांची बेरीज करायची. दोघांनी उत्तरं धाडली, आणि बायकोने सगळ्यांसमोर लिहिलं: "दोघांचं उत्तर शेवटच्या आकड्यापर्यंत जुळतंय, आणि दोघांचंही चुकलंय. दोघांनीही शेवटी एक काप वजा केलाय. असं कसं बुवा?"

शिंप्याच्या हातातली कात्री थांबली.

त्याच्या वडिलांच्या टेपचा पहिला इंच झिजून गेला होता. नवी टेप घ्यायची सोडून त्यांनी दोन्ही मुलांना शिकवलं, "एकपासून लावा, शेवटी एक वजा करा." पुढे धड टेपा आल्या, तरी घाईत हात एक वजा करायचाच. त्यापायी किती गिऱ्हाइकांच्या विजारी आखूड झाल्या असतील, देव जाणे. घरात तर ती कायमची चेष्टा होती. ही खोड जगात दोघांनाच होती. एक तो स्वतः, आणि दुसरा त्याचा धाकटा भाऊ.

दुकानाच्या पाटीवर कुणाचं नाव आधी यावं, एवढ्यावरून धाकटा निघून गेला होता. सहा वर्षं झाली, दोघांत एक शब्द नव्हता. शिंपी ते कुणाला बोलून दाखवत नसे, पण धाकट्याच्या आठवणीने त्याला घास गोड लागत नसे.

आता त्याला एकच धास्ती लागली. त्याच खुणेवरून टाका म्हणजे आपला दादा, हे धाकट्याला कळलं तर तो गट सोडून जाईल. म्हणून तो जपून लिहू लागला. गणितं समजावू लागला, चुकलं तरी चिडेना, मध्येच तब्येतीची चौकशी करू लागला.

एकदा पाणकोंबडीने लिहिलं, "तुमच्यासारखं धीराने समजावणारं कुणी मला लहानपणी भेटायला हवं होतं."

शिंप्याला हुंदका आवरेना. लहानपणी त्याने धाकट्याला कापड मोजायच्या लाकडी गजाचे फटके दिले होते. त्याने लिहिलं, "मीही धाकट्या भावावर उगाच डाफरायचो. आता फार वाईट वाटतं."

उत्तर आलं: "मग हे त्यालाच सांगा की."

त्याच आठवड्यात बायको म्हणाली, "अहो, टाका आणि पाणकोंबडी आपल्याच गावचे निघाले. रविवारी दोघांना चहाला बोलावलंय."

शिंपी गडबडीने म्हणाला, "कशाला उगाच? आणि तो टाका येईल का?"

"येईल हो. सज्जन माणूस आहे."

रविवारी चार वाजता बेल वाजली. शिंप्याने दार उघडलं. दारात धाकटा होता. केस पांढरे झाले होते, डोळ्यांवर चष्मा आला होता. दादाला बघून तो एक पाऊल मागे सरला.

"जाऊ नकोस," शिंपी म्हणाला. "पाटीवर तुझं नाव आधी घातलं असतं तर माझं काय बिघडणार होतं? चुकलो मी. लहानपणीही चुकलो."

"दादा," एवढंच धाकट्याच्या तोंडून निघालं, आणि त्याने उंबऱ्यातच मिठी मारली. दोघेही लहान पोरांसारखे रडले. मग एकमेकांचे डोळे पुसून हसत आत येऊन बसले.

"टाका मीच बरं का," शिंपी धाकट्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाला. "आणि तू पाणकोंबडी! टाकीच्या गणितात शेवटी एक वजा केलास ना, तेव्हाच ओळखलं मी तुला."

बायको घाईने उठली. "चहा उतू जाईल," म्हणत ती आत गेली.

धाकटा चष्मा पुसता पुसता थांबला. "कसलं गणित, दादा? मी तर वहिनींचा फोन आला म्हणून आलो."