उखाण्याशिवाय

आरोपीच्या पिंजऱ्यात व्हीलचेअरवर म्हातारा जनरल बसला होता. चाळीस वर्षांपूर्वी त्याच्याच सैनिकांनी, आफ्रिकेतल्या या शहरात, भागीरथीबाईंच्या यजमानांना दुकानातून उचलून नेलं होतं.

ओल्या हळदीच्या अंगाने त्या ठाण्यावर धावल्या. पण नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती, ओठ हलेनात. "नाव नाही, म्हणजे माणूसच नाही," अधिकारी हसला होता. तक्रार नोंदलीच गेली नाही.

"काकू, आज लाजायचं नाही हं," वकील पुतणी कुजबुजली.

त्यांना लग्नाच्या दिवशीचा उंबरठा आठवला. नणंद दार अडवून उभी, आणि शेल्याची गाठ ओढत यजमान मागून हळूच म्हणाले होते, "घे की गं नाव, ऐकू दे!"

त्यांनी मुठीतली जपमाळ घट्ट धरली. "आत्माराम शिवराम पेडणेकर," त्या उखाण्याशिवाय, खणखणीत म्हणाल्या.

लेखनिकाने ते लिहून घेतलं.